महिन्याला सात हजार देऊन मॅटवर उतरावं का?

बाणेरमधल्या एका अकादमीनं ब्राझिलियन जिऊ-जित्सू, म्हणजे कुस्तीसारखी धरपकडीची लढत, शिकण्याचा मला सांगितलेला दर असा होता: महिन्याला ७,००० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर १८,०००, वर्षाचे ६०,०००. नोंदणीचे २,५०० वेगळे. गी, म्हणजे जाड विणीच्या सुती कापडाचा कोट, पायजमा आणि पट्टा, ६,०००चा. "वर्षाचं पॅकेज आजच घेतलंत तर नोंदणी माफ करते, मॅडम," असं काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचार करून कळवते म्हणाले.

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. कुणाला टेम्पो घ्यायचा असतो, कुणाला पिठाची गिरणी टाकायची असते, आणि त्या खर्चातून त्यांच्या हाती काय लागणार हे बघणं हे माझं रोजचं काम. पण स्वतःच्या अंगावर, तेही लढायला शिकण्यासाठी, इतका पैसा घालावा का हा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नव्हता. पुढचे काही आठवडे मी त्याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. असाच कागद हातात घेऊन कुणी बसलं असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

मला हे शिकायचं का होतं, ते आधी सांगायला हवं, कारण त्याशिवाय कुठलाच हिशेब लागत नाही. माझं माहेर कऱ्हाडचं. घरामागच्या गल्लीत तालीम होती. पहाटे जोर-बैठकांचा घुमणारा श्वास आणि शड्डूचे आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचे. अण्णा त्याच तालमीत लढलेले. दोन्ही कान पैलवानाचे, सुजून सुजून घट्ट झालेले. भाऊ दहा वर्षांचा झाला तेव्हा अण्णांनी त्याला लंगोट बांधून मातीत उतरवलं. मी आणि चुलतबहिणी दारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो, कारण मुलीबाळींना आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. तालमीची फी नावापुरती असायची. पैलवानकीचा खरा खर्च खुराकाचा. दूध, तूप, बदाम, खारीक, पुढे मटण. दूधवाल्याची उधारी चढली की आई भिशीचे पैसे त्यात घालायची. भावाचा खुराक परवडतो का, असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. पोरगा लढतोय म्हटल्यावर तो आणायचाच. भाऊ पुढे तालुक्याबाहेर फारसा गेला नाही, आज शेती बघतो. तरी तो पैसा पाण्यात गेला असं अण्णांच्या तोंडून कधी आलेलं नाही.

आता मुलींसाठी दिवस बदललेत. २०२३मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा उचलली, तेव्हा बातमी बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण मुलींच्या कुस्तीची जी केंद्रं निघाली आहेत ती स्पर्धेत उतरणाऱ्या, तिथंच राहून सराव करणाऱ्या पोरींसाठी आहेत, आणि तशीच असायला हवीत. अडतिशीतल्या, दोन मुलांच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईनं तिथं जाऊन काय करायचं? म्हणून कुस्तीला सगळ्यात जवळचं काय आहे ते शोधत मी जिऊ-जित्सूपाशी आले.

हे नातं माझ्या मनाचं नाही. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही शाळा काढली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक डाव बाजूला ठेवून उरलेले डाव प्रतिकार करणाऱ्या माणसावर पूर्ण ताकदीनं करून बघायची शिस्त घातली. त्याचं ज्युदो झालं. त्यांच्याकडचा मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला, पुढे बेलेममध्ये त्यानं कार्लोस ग्रेसीला शिकवलं, आणि ग्रेसी भावंडांनी जमिनीवरची लढत वाढवत वाढवत तिचं वेगळंच शास्त्र केलं. १९९३ साली डेन्व्हरला यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना एकमेकांशी भिडवणारी स्पर्धा, पहिल्यांदा झाली तेव्हा रॉयस ग्रेसीनं आपल्याहून वजनदार तिघांना एकाच रात्रीत शरण आणलं, आणि हे शास्त्र जगभर पोचलं. कुस्तीशी मोठा फरक एवढाच की आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती निकाली. इथे पाठ टेकल्यावर लढत सुरू होते. खाली पडलेल्या माणसाकडे अजून डाव शिल्लक असतात. माझ्यासारखीला, जिच्या अंगावर कुणी चाल केली तर ती खाली पडणार हे जवळपास नक्की आहे, त्या बाईला हे फार मोलाचं वाटलं.

तरी सात हजार म्हणजे सात हजार. आधी स्वस्त काय मिळतं ते बघितलं.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कराटेचा वर्ग चालतो, महिना हजार रुपये. माझा भाचा तिथे जातो. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, पट्टा वेगळा, प्रमाणपत्र वेगळं. नऊ वर्षांच्या पोराकडे आज तपकिरी पट्टा आहे, पण समोरच्यानं मनगट घट्ट धरलं तर ते सोडवता येत नाही. हा कराटेचा दोष नाही. खरं कराटे शिकवणारे आणि त्यासाठी हाडं झिजवलेले लोक पुण्यात आहेत. दोष त्या पद्धतीचा, जिच्यात पोरं हवेत हात मारतात आणि कुणी कुणाला कधी अडवतच नाही. पट्ट्यांच्या परीक्षांचा वर्षाचा खर्च भाच्याच्या आईनं सांगितला तेव्हा तो हजारांचा वर्गही दिसतो तितका स्वस्त नव्हता.

मग एका मॉलमधला चकचकीत स्टुडिओ. लाल-काळ्या भिंती, छतापासून लोंबणाऱ्या पिशव्या, पिंजऱ्यासारखी जाळी. फी जिऊ-जित्सूच्या अकादमीइतकीच. अर्धा तास बसून बघितलं. लोक संगीताच्या तालावर पिशवीला ठोसे मारत होते, घाम गाळत होते, आणि सर मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ काढत होते. पिंजऱ्यात कुणी उतरलं नाही. "इथे लढत केव्हा घेता?" असं विचारलं तर उत्तर आलं की बहुतेक मेंबर फिटनेससाठी येतात. व्यायाम म्हणून ठीक आहे. पण व्यायामाला मला सात हजार लागत नाहीत.

तिसरी जागा मला मनापासून आवडली. एका सार्वजनिक क्रीडासंकुलातला ज्युदोचा वर्ग, महिना ८०० रुपये. मॅट जुन्या, कडा उसवलेल्या, पण जमिनीला घट्ट बसवलेल्या. शिकवणारे गृहस्थ साठीच्या घरातले. एका बारीकशा मुलीला ते पडायला शिकवत होते. हनुवटी छातीला, हात जमिनीवर सपाट, थाप आधी आणि पाठ नंतर. तीच गोष्ट ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेत होते, आणि प्रत्येक वेळी तिची मान स्वतःच्या तळहातानं सांभाळत होते. असा शिक्षक ८०० रुपयांत मिळतो हे बघून मी तिथेच नाव घालायला निघाले होते. त्यांनीच मला थांबवलं. म्हणाले, "ताई, मी तुम्हाला पडायला शिकवीन, डावही शिकवीन. पण माझ्याकडे सगळी दहा ते पंधरा वर्षांची पोरं आहेत. तुमच्या वजनाचं, तुमच्या वयाचं इथे कुणी नाही. तुम्ही कुणावर डाव टाकणार, आणि तुमच्यावर कोण टाकणार?" त्यांना माझी फी घेता आली असती. त्यांनी ती घेतली नाही, आणि माझा सगळा शोध त्या दोन वाक्यांनी ताळ्यावर आणला.

त्याच रात्री कऱ्हाडला फोन केला. अण्णांना आधी वाटलं नातवासाठी विचारते आहे. मला स्वतःला शिकायचंय म्हटल्यावर ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग थेट मुद्द्यावर आले.

"वस्ताद अजून लढतो का?"

"लढतो म्हणतात. बघितलं नाही अजून."

"आणि जोड? तुझ्या जोडीची माणसं आहेत का तिथं?"

"तेच बघायचंय."

"मग ते बघ आधी, पोरी. वस्ताद डाव दाखवील. अंगात बसवणारा समोरचा असतो. रोज समोर उभा राहणारा, तुझ्या ताकदीचा, थोडा वरचढ. आमच्या तालमीत काय होतं? पत्र्याचं छप्पर होतं. पण लढायला रोज पंचवीस माणसं होती."

फीचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी खाशाबा जाधवांची गोष्ट काढली. आमच्याकडे पैशांचा कुठलाही विषय निघाला की ती निघतेच, कारण गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. १९४८ साली खाशाबा लंडनला गेले तेव्हा मॅट आणि तिकडचे नियम त्यांना नवे होते, तरी सहावे आले. १९५२च्या हेलसिंकीसाठी पैसे उभे राहीनात, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. "घर गहाण टाकलं त्यांनी," अण्णा म्हणाले. "पदक येणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

माझ्याकडून कुणी पदकाची वाट बघत नाही, आणि आजचे सात हजार म्हणजे तेव्हाचे सात हजार नव्हेत. पण या कामासाठी पैसा घालणं म्हणजे उधळपट्टी, ही समजूत माझ्या मनात कुठून आली होती हे मला त्या फोनवर उमगलं. भावाच्या बदामांच्या वेळी ती आमच्या घरात नव्हती.

आता बाणेरच्या अकादमीत चाचणी तासाला गेले ते नेमकं काय बघायचं हे ठरवून.

दारातच चपलांचा नियम. मॅटवरून खाली उतरलं की पायात सपाता हव्यात, संडासात अनवाणी गेलेला पाय मॅटवर येता कामा नये. आधीची बॅच उतरली तशी दोन पोरं जंतुनाशकाची बादली घेऊन सगळी मॅट पुसू लागली, कोपऱ्यांपासून. हे फार महत्त्वाचं आहे. जिथे अंगाला अंग घासतं तिथे नायटा आणि कातडीचे इतर संसर्ग झपाट्यानं पसरतात, आणि मॅटला कुबट वास येत असेल तर बाकी काही न बघता परत फिरावं. कोचनं माझी नखं बघितली. गळ्यातलं मंगळसूत्र, कानातलं काढून ठेवायला सांगितलं.

सुरुवातीला कंबर सरकवण्याचा सराव. पाठीवर पडायचं, एक पाय रोवायचा, कंबर उचलून बाजूला-मागे काढायची, हात छातीशी. दिसायला सोपं. मॅटच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत माझ्या पोटातले असे स्नायू जागे झाले की जे बाळंतपणानंतर कधी वापरलेच नव्हते. मग जोड्या लावल्या. मला निळ्या पट्ट्याची, म्हणजे नवख्यांच्या पांढऱ्याहून एक पायरी वरची, एक मुलगी दिली, वजनानं माझ्याहून थोडी कमीच. ती माझ्या छातीवर बसली, गुडघे माझ्या काखांखाली सारले आणि म्हणाली, "आता उठायचा प्रयत्न करा." मी सगळा जोर लावला. ती तिथेच. तिनं काहीच केलं नव्हतं, फक्त वजन कुठे ठेवायचं ते तिला ठाऊक होतं. कोच शेजारी येऊन बसला आणि बोटानं माझं कोपर आत ढकललं. "हे बरगडीला चिकटवा. आता तिचा एक हात धरा, त्याच बाजूचा पाय तुमच्या पायानं अडकवा, आणि कंबर वर, खांद्यावरून." मी कंबर उचलली आणि ती उलटली. तिनं पहिल्यांदा थोडं सोडून दिलं असणार, हे मला कळत होतं. पुढच्या वेळी तिनं सोडलं नाही, आणि मला ते जमलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी अर्धं जमलं. पैसे कशासाठी द्यायचे ते मला त्या अर्ध्या जमण्यात दिसलं.

शेवटी मोकळी लढत. मला बाजूला बसून बघायला सांगितलं होतं, आणि मला तेच हवं होतं. नवख्याला जुना माणूस कसा वागवतो ते बघत होते. एक पांढऱ्या पट्ट्याचं कॉलेजचं पोर जांभळ्या पट्ट्याच्या धिप्पाड माणसाशी लढत होतं. त्या माणसानं त्याचा हात कोपरातून ताणायला घेतला आणि शेवटच्या टप्प्यात वेग कमी केला, पोरानं 'हरलो, सोड' अशा खुणेची थाप मारेपर्यंत वाट बघितली, थाप पडताक्षणी सोडलं. मग दोघं बसून चूक कुठे झाली ते बोलले. भिंतीला टेकून कुणी एकटं बसलेलं नव्हतं. आणि कोच स्वतः लढत होता, एकापाठोपाठ एक. एका विद्यार्थ्यानं मागून गळा पकडला तेव्हा त्यानं थाप मारली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हा हात आत कसा घुसवलास? परत दाखव." वस्ताद अजून लढतो का, या अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि वर बरंच काही.

तासानंतर मी त्याला सरळ प्रश्न विचारले. पट्टा कुणी दिला? त्यानं गुरूचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं. या खेळात प्रत्येक पट्टा कुणी कुणाला दिला याची साखळी असते आणि ती सांगायला खरा माणूस कचरत नाही. मी नंतर ते पडताळून घेतलं, बरोबर निघालं. पट्ट्याची परीक्षा-फी? नाही. पांढऱ्याचा निळा व्हायला किती काळ? "नियमित आलात तर दोन वर्षं धरा, कमी नाही." पुढे निळ्यावरून जांभळ्याला जायला आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानं साधारण किमान दोन वर्षं लागतात, आणि काळा पट्टा म्हणजे बहुतेकांची दहाएक वर्षं. कुणी सहा महिन्यांत पट्ट्याचं वचन देत असेल तर तो पट्टा विकतो आहे. शेवटी विचारलं, फी एवढी का? त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. बाणेरचं भाडं, मॅट, दोन साहाय्यकांचे पगार, आणि एका बॅचमधली माणसं मोजकीच ठेवल्यामुळे येणारी मर्यादा. "स्वस्त केलं तर एका मॅटवर चाळीस माणसं घ्यावी लागतील. मग कुणाच्या डोक्यावर कुणाची टाच बसेल ते सांगता येत नाही."

मग कागद-पेन्सिल. मला आठवड्यातून तीनदाच जमणार, म्हणजे महिन्याचे बारा तास. महिन्याच्या दरानं तास ५८३ रुपयांना पडतो, तिमाहीनं ५००, वार्षिकनं ४१७. वार्षिक मोहात पाडतं. पण तेच वार्षिक भरून मी चार महिन्यांत सोडलं तर तास १,२५० रुपयांना पडला. तिमाही तीनदा भरली तर ५४,००० होतात आणि दहावा महिना सुटा भरला तर ६१,०००. म्हणजे दहा महिने टिकल्याशिवाय वार्षिक पॅकेजचा एक रुपयाही फायदा नाही. असल्या ठिकाणी बरेच लोक पहिल्या काही महिन्यांतच गळतात, हे कोचही मान्य करतो. नोंदणीचे अडीच हजार वाचवायला साठ हजार अडकवणं मी बँकेत कुणाला सुचवलं नसतं, मग स्वतःला कशाला?

करारही पूर्ण वाचला. "कोणत्याही परिस्थितीत शुल्क परत मिळणार नाही" हे वाक्य होतं, आणि दुखापत झाली तर काय याबद्दल ओळ नव्हती. मी ती घालून घेतली: डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिल्यास मुदत तेवढी पुढे ढकलायची. त्यांनी सही करून दिली. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, पण मागितलं तर बहुतेक वेळा देतात. गीसुद्धा बाहेरची चालेल का विचारलं, चालेल म्हणाले. ३,८०० रुपयांत मिळाली, आणि धुतल्यावर आटते म्हणून एक माप मोठी घेतली.

घरी मात्र पैशांवरून अडलं नाही, वेळेवरून अडलं. संध्याकाळची बॅच सातची. कर्वेनगरहून बाणेरला त्या वेळी जायचं म्हणजे पाऊण तास, परत यायला साडेनऊ. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मुलं तुझी वाट बघत जागी राहतील गं." त्यात टोमणा नव्हता, आणि ते खरं होतं. नवऱ्याची काळजी दुखापतीची. त्याला मी थापेचा नियम समजावला आणि करारातली ओळ दाखवली. मग त्यानंच सकाळची बॅच असते का विचारलं. होती, सव्वासहाची. त्या वेळी रस्ता मोकळा, पंचवीस मिनिटांत पोचता येतं. सकाळचा डबा तो करील असं ठरलं.

इथे मी एक गोष्ट केली जी प्रत्येकानं करावी असं मला वाटतं. सकाळची बॅच पुन्हा जाऊन बघितली. मी जे काही पसंत केलं होतं ते संध्याकाळचं होतं. ती निळ्या पट्ट्याची मुलगी संध्याकाळची, तो जांभळा पट्टा संध्याकाळचा. सकाळी तीच मॅट, तीच फी, पण माणसं निम्मी. मुख्य कोच आठवड्यातून दोनच दिवस, बाकी साहाय्यक. मी नाव न घालता परत येणार असं वाटत असतानाच एका कोपऱ्यात दोघी बायका दिसल्या. एक चाळिशीची फिजिओथेरपिस्ट, पांढऱ्या पट्ट्यावर प्रगतीच्या खुणेच्या दोन बारीक पट्ट्या चढलेल्या, दुसरी माझ्याहून लहान. दोघींचं वजन माझ्या आसपास. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बघून विचारलं, "येणार का? आम्हाला तिसरी हवीच आहे." संध्याकाळी मी तिमाहीचे १८,००० आणि नोंदणीचे २,५०० भरले.

पहिला महिना अंग ठणकत राहिलं. बोटांची पेरं सुजली, गी धरून धरून. ती चिकटपट्टीनं कशी बांधायची ते सकाळच्या त्या दोघींमधल्या धाकटीनं शिकवलं. छातीवर कुणी बसलं की श्वास कोंडतो आणि जीव घाबरतो. तो घाबरेपणा आधी जातो, ताकद नंतर येते. बरगडीच्या दुखण्यानं एकदा पंधरवडा घरी बसावं लागलं, तेव्हा करारातली ती ओळ कामी आली आणि मुदत वाढवून मिळाली. पावसात काही तास बुडाले. हिशेब केला तर तास ५००ला न पडता ६००च्या घरात पडला. तो आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे, कारण पुढच्या वेळी ठरवताना कागदावरचा दर धरायचा नसतो, आपण प्रत्यक्ष मॅटवर किती गेलो ते धरायचं असतं.

मिळालं काय? पावसाळा संपताना एका सकाळी फिजिओथेरपिस्ट बाई माझ्यावर बसल्या होत्या, नेहमीसारख्या, कणभरही न सोडता. मी कोपर बरगडीला लावलं, त्यांचा हात धरला, पाय अडकवला, कंबर खांद्यावरून नेली आणि त्या उलटल्या. या वेळी त्यांनी काही सोडलं नव्हतं. मी वर होते आणि त्या खालून ओरडत होत्या, "थांबू नका, थांबू नका, पुढे काय?" पुढे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी मला परत उलटवलं. त्या दिवशी बँकेत दिवसभर मला कशाचा थकवा आला नाही. अण्णांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "वर गेल्यावर घुटना टाकायचा की गं!" आणि फोनवरच मला मांडी कुठे दाबायची ते सांगत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला डाव सांगितला.

दुसरी तिमाही मी लगेच भरली. तिसरीचा विचार आता चालू आहे. वार्षिकाचा प्रस्ताव काउंटरवरून पुन्हा आला होता आणि मी पुन्हा नको म्हटलं, कारण फिजिओथेरपिस्ट बाईंची नोकरी बंगळूरला जाते आहे आणि धाकटी परीक्षेसाठी सुट्टी घेणार आहे. मॅट तीच राहील, कोच तोच राहील, पण सकाळी माझ्यासमोर कोण, हा प्रश्न परत आला आहे, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी पैसे भरणार नाही. आमच्या ठेव विभागातल्या एका सहकारी बाईंना गेले काही दिवस या सगळ्याबद्दल सांगते आहे. त्या लहानपणी कबड्डी खेळायच्या, पकड अजून घट्ट आहे, आणि वजन माझ्याच आसपास. येत्या शनिवारी त्यांना चाचणी तासाला घेऊन जाते आहे.